मेस्त्री चाळीतले अडतीस पोहणारे

मेस्त्री चाळ, खोली नं. २३,
लालबाग.
८ जुलै २०२४

मॅडम,

तुमच्या माणसाने माझ्या नावापुढे "पोहता येत नाही" लिहिलं ते कोणाला विचारून लिहिलं? मला तर नाही विचारलं. मी काय गावाला गेले नव्हते. तिथेच होते, चार हातांवर, गॅसपाशी बसून मिरच्या भाजत होते. मे महिना म्हणजे आमचा मसाल्याचा सीझन. अर्ध्या लालबागचा मसाला मी भाजून देते, मग तो डंखाच्या मशीनवर कुटायला जातो. तुमचा तो टक्कल पडलेला उन्मेष तोंडावर रुमाल धरून दोन तास आमच्या कॉटवर बसला, खोकला, कोकम सरबत प्यायला, आणि सगळे प्रश्न आमच्या ह्यांना विचारून निघून गेला. मिरचीच्या धुरात त्याला मी दिसले नसेन, पण खोकला तर माझ्यामुळेच येत होता ना. तेवढं तरी कळायला पाहिजे होतं की इथे कोणीतरी बाई आहे.

आज पोस्टाने तुमचा पिवळा छापील कागद आला, "आपल्या कुटुंबाची माहिती तपासून पाहा" म्हणून. तपासली. शिक्षण चौथी, बरोबर. वजन चूक. ते पण ह्यांनीच सांगितलंय, सात किलो वाढवून. ते मी सोडून देते. पण पोहायचं सोडणार नाही.

माझं माहेर मालवणच्या बाजूला, खाडीकाठी. घराची पायरी उतरली की पाणी. आठ वर्षांची असताना मी भरतीची खाडी पोहून पार केली, कारण पलीकडे आत्येकडे जायचं होतं आणि होडीवाला जेवायला गेला होता. आत्येने आधी मारलं, मग जेवायला वाढलं. अख्ख्या गावाला माहीत आहे. आणि तुम्ही "नाही" लिहून मोकळ्या. बुडून मरणाऱ्या लोकांचा अभ्यास करता म्हणे. असा अभ्यास केलात तर कोण बुडणार आणि कोण तरणार हे तुम्हाला कसं कळायचं?

त्या पिवळ्या कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय की तक्रार लेखी द्यावी, पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळेल. म्हणून लिहिते. फोन केला होता. ते मशीन एक दाबा दोन दाबा करतं, माझे हात पिठाचे असतात.

"नाही" खोडा आणि "हो" लिहा.

सीमा जगदीश घाडीगावकर


किनारा जलसुरक्षा अभ्यास,
माहीम.
१९ जुलै २०२४

सौ. सीमा घाडीगावकर यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. झाल्या प्रकाराबद्दल मी अभ्यासाची प्रमुख संशोधक म्हणून दिलगिरी व्यक्त करते. आमच्या पद्धतीनुसार कुटुंबाची माहिती कर्त्या व्यक्तीकडून घेतली जाते. ही पद्धत सदोष असू शकते, याची मी नोंद केली आहे.

आपल्या चाळीची आकडेवारी मात्र आमच्यासाठी फार उत्साहवर्धक आहे. मेस्त्री चाळीतल्या एकेचाळीस प्रौढ पुरुषांपैकी अडतीस जणांना उत्तम पोहता येते. मुंबईत इतर कुठेही आम्हाला हे प्रमाण आढळलेले नाही. आमच्या समितीचे मत असे पडले की कोकण किनाऱ्यावरून आलेल्या कुटुंबांमध्ये हे कौशल्य पिढ्यानपिढ्या टिकून आहे. स्त्रियांमध्ये ही संख्या दोन आहे.

आपली नोंद बदलायची असल्यास "नाही" चे "हो" करण्यासाठी तरणतलावात पंचवीस मीटरची चाचणी द्यावी लागेल. तलावाची वेळ आम्हाला फार थोडी मिळते, त्यामुळे ज्यांनी "उत्तम" असे सांगितले त्यांची चाचणी आम्ही घेत नाही, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

आणखी एक आनंदाची बातमी. आपले पती श्री. जगदीश यांची आम्ही "किनारा-साथी" म्हणून निवड केली आहे. दादर चौपाटीवर रविवारी सकाळी उभे राहून लोकांना धोक्याची सूचना देणे आणि वेळ पडल्यास दोर घेऊन पाण्यात उतरणे, असे हे स्वयंसेवी काम आहे. त्यांनी उन्मेष यांना सांगितलेला अनुभव आम्ही सर्वांनी वाचला. वयाच्या आठव्या वर्षी, होडीवाला जेवायला गेला म्हणून, त्यांनी भरतीची खाडी पोहून पार केली होती. आपल्या दोघांचीही बालपणं इतकी सारखी असावीत हा किती सुंदर योगायोग आहे.

टी-शर्ट व शिटी स्वतंत्रपणे पाठवत आहोत.

आपली विश्वासू,
दीपिका कर्णिक


लालबाग
२३ जुलै

दीपिका मॅडम,

पत्र मिळालं. टी-शर्ट पण मिळाला. नारिंगी. पाठीवर किनारा-साथी, एवढं मोठं, की पलीकडच्या चाळीतून वाचता येतं. ते लोक वाचतात पण. ह्यांनी शनिवारपासून तो अंगातून काढलेला नाही. काल तोच घालून मासे आणायला गेले आणि बांगडे निवडताना कोळणीला सांगत बसले की समुद्राचा अंदाज कसा घ्यायचा. कोळणीला. ती बिचारी ऐकून घेत होती, सकाळची भवानी व्हायची होती तिची.

शिटी गळ्यात असते. नळाच्या रांगेत कोणी मधे घुसला की शिटी. जिन्यात कोणी थुंकला की शिटी. चाळीत सगळे आता कॅप्टन म्हणतात.

आता मला काही गोष्टी विचारायच्या आहेत. ते वाळूत उभे राहणार की पाण्यात? पाण्यात असेल तर कुठपर्यंत? घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत की त्याच्या वर? नीट लिहा. "वेळ पडल्यास" म्हणजे काय ते पण लिहा. वेळ कोणावर पडल्यास?

त्यात आणखी एक. ह्यांची तब्येत बरी नसते. वय छप्पन्न. डावा गुडघा दुखतो. कान वाहतो. सर्दीचा कोठा आहे. उंचावर गेलं की चक्कर येते. समुद्र उंचावर नसतो हे मला कळतं, तरी लिहून घ्या. असा माणूस तुम्हाला कशाला पाहिजे? चाळीत दुसरे सदतीस आहेत ना तुमच्या हिशोबाने.

खाडीच्या गोष्टीबद्दल मी काही बोलत नाही. ती खाडी कुठली, तिचं नाव काय, ते तुम्ही त्यांनाच विचारा.

आणि हे मला समजलं नाही. "नाही" वाल्याची परीक्षा आणि "हो" वाल्याला टी-शर्ट. नाही म्हणणारा माणूस पाण्यात जाईल कशाला मरायला? परीक्षा कोणाची घ्यायला पाहिजे, सांगा बरं. मी चौथी शिकले, तुम्ही किती शिकलात माहीत नाही.

परीक्षा मी देते. तारीख कळवा.

सीमा घाडीगावकर


माहीम
५ ऑगस्ट

सौ. सीमाताई यांस,

आपल्या पत्रातली काळजी वाचून फार बरे वाटले. पतीच्या जिवाला इतके जपणाऱ्या पत्नीला मी काय सांगणार? पण निश्चिंत राहा. काल रविवारी सर्व साथींचे प्रशिक्षण झाले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी श्री. जगदीश यांना तपासले. गुडघा, कान, रक्तदाब, सगळे ठीक आहे. डॉक्टरांनी उंचीविषयीही विचारले. श्री. जगदीश म्हणाले की आयुष्यभर लिफ्ट चालवतो, उंचीचे मला काय.

आपण सुचवल्याप्रमाणे मी त्यांना खाडीबद्दल सर्वांसमोर विचारले. त्यांनी जे वर्णन केले ते मी विसरणार नाही. भरतीचे पाणी आधी पोटाला गार लागते, मग पाठीला. तळाला कालवं असतात, ती पाय कापतात, म्हणून पाय खाली सोडायचेच नाहीत. मधल्या धारेशी भांडायचे नाही, ती नेईल तिथे थोडे जायचे आणि मग कडेला यायचे. आमच्या प्रशिक्षकांनी हे शेवटचे वाक्य फळ्यावर लिहून घेतले. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. आम्ही त्यांना सहा जणांच्या तुकडीचे प्रमुख केले आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर: कमरेपर्यंत. दोर बांधलेला असल्यास त्यापुढेही. पहिली पाळी रविवार, २५ ऑगस्ट, सकाळी सात वाजता, दादर चौपाटी.

आपली चाचणी शनिवारी, १० ऑगस्टला, दादरच्या क्लबच्या तलावात, महिलांच्या वेळेत म्हणजे दुपारी बारा ते एक. पोहण्याचा नायलॉनचा पोशाख, टोपी आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणणे अनिवार्य आहे. साडी चालणार नाही. मला त्या दिवशी समितीची बैठक असल्याने येता येणार नाही, क्षमस्व.

आपली,
दीपिका कर्णिक


लालबाग
११ ऑगस्ट

दीपिका,

तू वयाने लहान असणार, अक्षरावरून वाटतं. म्हणून आता अगं तुगं करते. राग आला तर लिही.

तू काल आली नाहीस म्हणून सगळं सांगते. शुक्रवारी हिंदमाताला गेले, पाण्यात घालायचे कपडे दाखवा म्हटलं. दुकानदाराने सहा साड्या उलगडल्या, कुठलीचा रंग जात नाही म्हणून. त्याला समजावेपर्यंत त्याने चहा मागवला होता. दुसऱ्या दुकानात एकाने मुलीच्या मापाचं काढलं आणि माझ्याकडे बघून परत ठेवलं. शेवटी तलावाच्या फाटकापाशी एक बाई विकते तिच्याकडे मिळालं, कोपरापर्यंत बाह्या, पायाला घोट्यापर्यंत. ते चढवायला जितका दम लागला तितका पोहायला लागला नाही. डॉक्टरने प्रमाणपत्र देताना तीनदा विचारलं, ह्या वयात कशाला. त्याला म्हटलं, कागदावर चुकीचं छापलंय, ते खोडायला.

आणि बारा ते एक ही कुठली वेळ काढली गं बायकांसाठी? ह्या वेळेला बाई कुकर उतरवत असते, नाहीतर कोणाच्या तरी ऑफिसात असते. एवढा मोठा तलाव आणि आम्ही चारजणी. त्यातली एक नुसती पायऱ्यांवर बसून पाय भिजवत होती, घरी उकडतं म्हणून आली होती. बाहेर पडताना पुरुषांची रांग बघितली, फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत. वर्षाचं वेटिंग आहे म्हणे. तुझ्या अभ्यासात हे लिहिलंयस का? नसेल तर लिही. बुडणाऱ्या माणसाला विचार, बाबा तू शिकला का नाहीस. तो सांगेल, नंबर नाही लागला.

पाणी निळं आणि औषधाच्या वासाचं. ना चिखल, ना धार, ना मासा. अशा पाण्यात पोहायचं म्हणजे दवाखान्यात झोपल्यासारखं. तीस वर्षं झाली होती मला पाण्यात शिरून. लग्नानंतर माहेरी गेले तरी लग्न झालेल्या लेकीने खाडीत उतरायचं नसतं. खरं सांगते, पायरी सोडवत नव्हती. हातांना सगळं आठवत होतं, दमाला आठवत नव्हतं. अर्ध्यावर वाटलं, झालं. मग धारेशी भांडायचं नाही असं मनात म्हटलं. धार नव्हती तरी म्हटलं. पोचले. तिथली शिकवणारी पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. कागदावर तिने लिहिलं, पंचवीस मीटर पूर्ण, पद्धत अज्ञात. तो कागद सोबत लावला आहे. पद्धत माझ्या बापाची आहे, तसं लिहून घे.

आता जे लिहायचं नव्हतं ते.

घरी आले तर हे मोरीत. पाण्याच्या पिंपात डोकं घालून उभे. गळ्यात शिटी. मला वाटलं काही झालं की काय, मागून शर्टाला धरून ओढलं. नाकातोंडातून पाणी. म्हणाले, श्वास किती वेळ थांबतो बघत होतो. टॉवेल दिला. डोकं पुसता पुसता त्यांनी हळूच विचारलं, "सीमा, आधी हात मारायचे की पाय?"

दीपिका, ह्यांना पोहता येत नाही. आतापर्यंत तुला कळलं असेल असं मला वाटत होतं. एवढं शिकून कसं कळलं नाही? जन्म परळच्या इस्पितळातला, वाढले लालबागला. ह्यांच्या मूळ गावाला डोंगर आहे, पाणी विहिरीतून पोहऱ्याने काढतात. तीस वर्षांत ह्यांनी माझ्या माहेरच्या खाडीत घोटाही बुडवलेला नाही, सर्दी आहे म्हणून काठावर बसतात. ती खाडी माझी, आत्या माझी, जेवायला गेलेला होडीवाला पण माझा. माझ्या तोंडून ऐकून ऐकून पाठ झालंय सगळं.

हे काय लबाड नाहीत. एकतीस वर्षं लिफ्टमध्ये उभे आहेत. माणसं आत शिरतात आणि दारावरच्या आकड्यांकडे बघत बसतात, ह्यांच्याकडे कोणी बघत नाही. तुझ्या उन्मेषने पहिल्यांदा ह्यांना प्रश्न विचारला आणि उत्तर लिहून घेतलं. पहिलं "हो" निघून गेलं तोंडातून. कोकणातला माणूस पोहता येत नाही म्हणून सांगतो का कधी? मग तो लिहितोय म्हटल्यावर पुढचं पण निघालं. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. आता पंचवीस तारखेला अख्खी चाळ बघायला येणार आहे, डबे घेऊन. कोणी बुडायला लागला तर हे उतरणार. उतरतील, मी ओळखते ना. टी-शर्ट घालून मागे फिरायचे नाहीत. आणि दोघंही जातील.

तेव्हा एक कर. त्यांना कळव की पन्नाशीच्या वरचे घ्यायचे नाहीत असा नवीन नियम आला. मी सांगितलं असं येऊ देऊ नकोस. त्यांची अब्रू राहिली पाहिजे आणि माणूस पण.

सीमाताई


माहीम
१६ ऑगस्ट

प्रिय सीमाताई,

अगं-तुगंचा राग नाही आला. मला कळायला हवं होतं. दोन कागद समोर ठेवले होते, दोन्हीकडे एकच होडीवाला आणि एकच जेवण, आणि मी त्याला योगायोग म्हटलं.

तुमची नोंद बदलली आहे. "हो." पद्धतीच्या रकान्यात "वडिलांची" असं लिहिलं आहे. समितीत कोणी हरकत घेतली नाही.

आता वाईट बातमी. वयाचा खोटा नियम मला लिहिता येणार नाही. तक्रारीची सगळी पत्रं फाइलला लागतात, आणि ती फाइल नीतिसमितीसमोर जाते. म्हणजे तुमची पत्रं पाच जणांनी वाचली आहेत, पिंपासकट. त्यांच्यात एक निवृत्त न्यायाधीश आहेत. ते म्हणाले की परीक्षा "हो" म्हणणाऱ्याची घ्यावी, हा या अभ्यासातला सगळ्यात शहाणा मुद्दा आहे, आणि तो बाहेरून आला आहे.

त्यामुळे मेस्त्री चाळीच्या अडतीस जणांवर आता प्रश्नचिन्ह आहे. सगळ्यांची चाचणी घ्यायला हवी, पण तलावात पुरुषांच्या वेळा पुढच्या मार्चपर्यंत भरल्या आहेत. रिकामी आहे ती फक्त बायकांची दुपारची वेळ, आणि तेव्हा पुरुषांना फाटकातूनसुद्धा आत घेत नाहीत.

जगदीशकाकांना मला २० तारखेला पत्र पाठवावंच लागेल. त्यात "स्वतः दिलेल्या माहितीत त्रुटी आढळल्याने नाव वगळण्यात येत आहे" असं लिहावं लागतं. याहून मऊ शब्द आमच्या नमुन्यात नाहीत. मी शोधले.

एक गोष्ट फाइलला न लावता सांगते, म्हणून ती या चिठ्ठीवर वेगळी लिहिली आहे. मलाही पोहता येत नाही. दादरला समुद्रापासून पाच मिनिटांवर वाढले. आमच्या घरी "पाण्याजवळ जायचं नाही" एवढंच पोहण्याचं शिक्षण होतं. या नोकरीच्या अर्जात तो प्रश्न होता. मी "हो" लिहिलं. चाचणीच्या दिवशी बैठक नव्हती, ताई. काठावर उभं राहिल्यावर कोणीतरी "उतरा ना मॅडम" म्हणेल याची भीती होती.

काय करू ते सांगा.

तुमची,
दीपिका


लालबाग
१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

दीपिका,

नारळीभात गॅसवर आहे, तो लागायच्या आत लिहिते.

तुझं पत्र शनिवारी आलं तेव्हा मी डंखावर होते. ह्यांनी उघडलं. चिठ्ठीसकट वाचलं. मी आले तर टी-शर्टाची घडी घालून कॉटवर ठेवलेली आणि हे खिडकीत. शिव्या देतील असं वाटलं. जेवले नीट. मग विचारलं, न्यायाधीशाने पण वाचलं का. म्हटलं, हो. म्हणाले, मग आता चाळीला कळायला काय हरकत आहे.

काल रविवारी सकाळी गॅलरीत उभे राहून त्यांनी शिटी मारली. सगळ्यांना वाटलं पाणी आलं. बायका हंडे घेऊन बाहेर, पुरुष बनियनवर. तेव्हा कठडा धरून ते म्हणाले, "मला पोहता येत नाही. ती खाडी सीमाची आहे. आता तुमच्यातल्या कोणाला येतं ते खरं सांगा."

दीपिका, बायकांनी हंडे खाली ठेवले. मग दगडूकाका, बहात्तर वर्षांचे, मिलमधून निवृत्त, जे पोरांना वादळातल्या गोष्टी सांगतात, ते म्हणाले, "माका कधीच येय नाय. एकदा सांगलंय येता म्हणान, मगे कोणी इचारूकच नाय." त्यांच्या मागून दुसरा. मग तिसरा. एकजण म्हणाला, मला येतं, पण कोणी पोटाखाली हात धरला तर. त्याला "नाही" मध्ये घेतला. ह्यांनी वही घेऊन दारोदार फिरून लिहिलं. अडतीसमधले सात खरे निघाले. एकतीस नुसते कोकणातले.

मग मी म्हटलं, वही बंद करू नका, आता बायकांना विचारा. तुझ्या कागदावर दोन, आता मला धरून तीन. निघाल्या अकरा. सगळ्या विहिरीत, नदीत, खाडीत शिकलेल्या, सगळ्यांनी लग्नानंतर सोडलेलं. दगडूकाकांची मीराबाई पुराच्या पाण्यातून डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन गेलेली आहे. काकांना हे काल कळलं. लग्नाला पन्नास वर्षं झाली. काल दिवसभर ते तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते.

वहीची पानं सोबत जोडली आहेत. अक्षर ह्यांचं आहे. आता ही फाइलला लाव.

तेव्हा तू विचारलंस काय करू. सांगते.

उद्याचं ते त्रुटीचं पत्र पाठवायचं नाही. त्रुटी ज्याने स्वतः दाखवली त्याला काढतात का? तुझ्या न्यायाधीशाला विचार. ह्यांचं नाव तुकडीत राहील, पण पाण्यात उतरणार नाहीत. वाळूत उभे राहतील. काल संध्याकाळी मी मुद्दाम चौपाटीला घेऊन गेले. भरती होती. लोक मोबाइल काढून पुढे पुढे सरकत होते. ज्यांना पोहता येतं ते हसत होते, काही होत नाही म्हणत होते. हे घाबरतात, म्हणून ह्यांना आधी दिसतं. अर्ध्या तासात अकरा माणसं बाहेर काढली, पाय न भिजवता. एक शिवी देऊन गेला, ती पण त्याला पाण्याबाहेर आल्यावर देऊ दिली. दोर धरायला त्या सातांपैकी घे. मी पण येते, पण आधी मला चार दिवस दम वाढवायला पाणी पाहिजे.

आता मुद्द्याचं. एकतीस पुरुषांना शिकायचं आहे. शिकवायला अकरा बायका आहेत, फुकट. पुरुषांच्या वेळेला बाई आत नाही आणि बायकांच्या वेळेला पुरुष आत नाही, मग शिकवणार कोणी आणि कोणाला? म्हणून तलाव उघडायच्या आधीचा, सकाळी पाच ते सहाचा एक तास आम्हाला पाहिजे, आठवड्यातून तीन दिवस. त्या वेळेला तिथे फक्त झाडूवाला असतो, मी विचारून आले. बायका आणि पुरुष एकत्र. साडी नको तर नको, अकराजणी ते नायलॉन चढवू, पण डॉक्टरचं प्रमाणपत्र एकाच डॉक्टरकडून एकदम सगळ्यांचं, बेचाळीस वेळा "ह्या वयात कशाला" ऐकायला आम्हाला वेळ नाही. मसाल्याची कामं आहेत. क्लबच्या लोकांना तुझा अभ्यास दाखव, माझी पत्रं दाखव, कोण काय म्हणेल ते मला सांगू नकोस.

बेचाळीस म्हटलं ते चुकलं. त्रेचाळीस. तू पण येणार आहेस. तुझी चिठ्ठी मी फाइलला लावत नाही, पण मोरीच्या फळीवर ठेवली आहे. पाणी पोटाला आधी गार लागतं, मग पाठीला. पाठीला लागलं की भीती संपते. ह्यांनी तुला चुकीचं सांगितलं नव्हतं, फक्त स्वतः करून बघितलं नव्हतं. ते आणि तू एकाच दिवशी सुरुवात करा. एका हाताला ते, एका हाताला तू, मला काही जड नाही.

शिकवायला मी आहे. पाणी तेवढं तू दे.

शुक्रवारी, तेवीस तारखेला दुपारी बारापर्यंत उत्तर पाहिजे. पोस्टाने नको, हाती पाठव, हे पत्र मी पण हातीच पाठवते. "हो" किंवा "नाही" एवढंच लिही. "विचाराधीन आहे" असं लिहिलंस तर ते मी "नाही" धरीन, आणि शुक्रवारी दुपारी आम्ही बेचाळीस जण माहीमला तुझ्या ऑफिसात येऊ. तिथे किती माणसं बसू शकतात तेही त्याच कागदावर कळव.

सीमाताई